मोटारीच्या मीटरवरील दिवे कां लुकलुकतात ?

डिसेंबर १९८३ मध्यें मारुती ८०० रस्त्यावर आली, आणि २००० सालीं निघालेली बोलेरो तर शेजारच्या नाशिकच्या कारखान्याचीच. तेव्हांपासून संगमनेरकडील वस्त्यांवर गोठ्याशेजारीं मोटार उभी दिसणें नवलाचें राहिलेलें नाहीं. परंतु बैलाचा खांदा सुजल्याचें जो शेतकरी दुरून ओळखतो, तोच मीटरवरील दिवे लुकलुकूं लागले असतां "चालायचेंच" म्हणून मुलाबाळांसह रात्रीं चंदनापुरीचा घाट उतरूं लागतो. हे दिवे लहान खरे. पण पुढील मोठ्या दिव्यांस ज्या बॅटरींतून वीज जाते, तींतूनच यांसही जाते. म्हणून त्यांच्या इशाऱ्याकडे दुर्लक्ष करूं नये.

गाडींतील विजेची व्यवस्था आपल्या बागायतीसारखीच आहे. बॅटरी हा हौद, इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा अल्टरनेटर हा हौद भरणारा पंप, आणि तारा हे पाट. भेद इतकाच कीं, येथें वीज परतही यावी लागते, व परतीची वाट म्हणजे गाडीचें लोखंडी अंग. बॅटरीच्या उणे टोंकापासून या अंगास व इंजिनास जाड तार जोडलेली असते. तिला कारागीर अर्थिंग म्हणतात. ही वाट गंजली म्हणजे दिवे नाचूं लागतात, आणि दोष मात्र बॅटरीच्या माथीं येतो.

आम्ही महसूल खात्यांत कारकुनी केली. तेथें फेरफार पाहिल्यावांचून सातबाऱ्यावरील नोंदीस कोणी हात लावीत नसे. येथेंही प्रथम केवळ पाहावें. मीटरबरोबर पुढील दिवेही कमीजास्त होतात काय ? इंजिन वाढविलें असतां उजेड वाढतो काय ? कीं खड्ड्यांत चाक आदळलें म्हणजेच लुकलुक होते ? सर्वच दिवे इंजिनाच्या गतीबरोबर हलत असतील, तर दोष पट्टा, अल्टरनेटर किंवा बॅटरीचीं टोंकें यांत शोधावा. धक्क्याबरोबर हलत असतील, तर कोठें तरी जोड ढिला आहे. आणि एकट्या मीटरचेच हलत असतील, तर त्यांचा फ्यूज, उजेड कमीजास्त करण्याचें बटण, नाहीं तर मीटरमागील जोड पाहावा.

आमच्या मतें पहिला अर्धा तास बॅटरीच्या टोंकांस द्यावा. त्यांवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड जमलेली असते. इंजिन बंद करून आधीं उणे टोंक सोडावें, मग अधिक. कारण उलट केल्यास पाना गाडीच्या अंगास लागून ठिणगी पडते. कोमट पाण्यांत खाण्याचा सोडा कालवून पूड धुवावी, पॉलिश कागदानें धातु चकचकीत करावा, आणि जोडतांना अधिक आधीं व उणे शेवटीं जोडून वर थोडें व्हॅसलीन लावावें. अर्थिंगच्या तारेचें दुसरें टोंकही असेंच साफ करावें; तिकडे सहसा कोणाची नजर जात नाहीं.

त्यानंतर मल्टीमीटर. रात्रभर उभ्या गाडीच्या चांगल्या बॅटरीवर सुमारें १२.६ व्होल्ट दिसतात, १२.२ च्या खालीं ती अर्ध्याहून रिती समजावी. इंजिन चालूं असतां १३.८ ते १४.४ च्या आसपास आंकडा यावा. तो १३ च्याही खालीं राहिला तर पट्टा ढिला आहे किंवा अल्टरनेटर भरीत नाहीं; १५ च्या वर गेला तर नियंत्रक बिघडला, आणि मग बॅटरींतील पाणी आटून दिवेही जळतात. अलीकडील कांहीं गाड्यांत संगणक हा आंकडा मुद्दाम कमीजास्त करतो, तें ध्यानांत ठेवावें. आतां इंजिन व मोठे दिवे चालूं ठेवून मल्टीमीटरची एक तार बॅटरीच्या उणे टोंकास व दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूस लावावी. ०.२ व्होल्टहून अधिक आंकडा आल्यास अर्थिंग खराब आहे. थोडक्या किमतीची ही तार न बदलतां हजारों रुपयांची नवी बॅटरी घेणारे गृहस्थ आम्हीं पाहिले आहेत.

इंजिन चालूं असतां बॅटरीचें टोंक काढून अल्टरनेटर पारखण्याची जुनी रीत अजून कांहीं ठिकाणीं चालते. ती कदापि करूं देऊं नये. त्या क्षणीं विजेचा दाब एकदम उसळतो व गाडींतील संगणक निकामी होऊं शकतो.

जुन्या तारेच्या बल्बाची तार क्षणभर तापलेली राहते, म्हणून लहानसा खंड डोळ्यांस कळत नसे. एलईडी दिवा तो खंड तत्काळ दाखवितो. तेव्हां बाजारांतून एलईडी बसविल्यावरच लुकलुक सुरू झाली असल्यास आधीं मूळचा बल्ब लावून पाहावा. वस्तीवरील गाडीस आणखी एक शत्रु म्हणजे उंदीर. पेंडीचीं पोतीं शेजारीं असलीं कीं तो बॉनेटखालीं बिऱ्हाड करून तारांचें वेष्टन कुरतडतो. अशी तार फडक्यानें गुंडाळून चालवूं नये. तिनें आग लागते.

घाटांतच बॅटरीचा लाल दिवा लागून उजेड मंदावला, तर पंखा, थंड हवेचें यंत्र व रेडिओ बंद करावा, मोठे दिवे मात्र ठेवावे, आणि उजेडाची सुरक्षित जागा येईपर्यंत इंजिन थांबवूं नये. तें पुन्हां चालूं होईलच असें नाहीं. मात्र उष्णतेचा कांटाही चढूं लागला असेल, तर पट्टा तुटून पाण्याचा पंपही बंद पडला असण्याचा संभव आहे. तेव्हां गाडी रस्त्याच्या पूर्ण कडेस घेऊन इंजिन ताबडतोब बंद करावें, धोक्याचे दिवे लावावे, आणि माणसांस गाडींतून उतरवून रस्त्यापासून दूर उभें करावें.