रग्बी : नव्या संघांची वाटचाल

प्रस्तावना

खेळ एका गावी जन्म घेतो. परंतु तो मोठा होतो तो परक्या मैदानांवर. क्रिकेट इंग्लंडमध्ये जन्मले आणि भारतात रुजले. कबड्डी आपल्या मातीतली; ती आज इराण आणि दक्षिण कोरियातही खेळली जाते. मात्र खेळाचा प्रसार आपोआप होत नाही. नव्याने खेळू लागलेल्या संघांना बलाढ्य संघांसमोर उभे राहण्याची संधी कोणी तरी द्यावी लागते. ती संधी मिळाली तर काय घडते आणि नाकारली गेली तर काय घडते, याचा विचार प्रस्तुत पाठात रग्बी या खेळाच्या उदाहरणाने केला आहे.

उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर तुम्ही :
• रग्बी खेळाचे स्वरूप थोडक्यात सांगू शकाल;
• नव्या देशांच्या प्रगतीत स्पर्धांचे महत्त्व स्पष्ट करू शकाल;
• भारतातील रग्बीच्या वाटचालीचे वर्णन करू शकाल;
• पराभव आणि अपात्रता यांतील फरक उदाहरणांनी मांडू शकाल.

१. खेळाची ओळख

इंग्लंडमधील रग्बी या गावच्या शाळेवरून खेळाला हे नाव मिळाले. १८२३ साली विल्यम वेब एलिस या विद्यार्थ्याने फुटबॉल खेळताना चेंडू हातात घेऊन धाव घेतली आणि या खेळाचा जन्म झाला, अशी आख्यायिका आहे. तिला भक्कम पुरावा नाही. तरीही विश्वचषकाला याच विद्यार्थ्याचे नाव देण्यात आले आहे.

रग्बीचा चेंडू लंबगोल असतो. मूळ प्रकारात दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा खेळाडू असतात आणि सामना ऐंशी मिनिटे चालतो. चेंडू हातात घेऊन पुढे धावता येते. परंतु हाताने तो पुढे फेकता येत नाही, बाजूच्या किंवा मागच्या सहकाऱ्याकडेच द्यावा लागतो. प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीवर टेकवला की 'ट्राय' होतो आणि पाच गुण मिळतात. चेंडू घेऊन धावणाऱ्याला पकडून खाली पाडणे म्हणजे 'टॅकल'. कबड्डीतील पकड ज्यांनी पाहिली आहे, त्यांना यातील चुरस सहज उमगेल.

'सेव्हन्स' हा या खेळाचा आटोपशीर प्रकार. त्यात प्रत्येक संघात सात खेळाडू असतात आणि सात-सात मिनिटांचे दोन डाव होतात. खेळाडू कमी आणि सामना लहान असल्याने नव्या देशांना हा प्रकार अधिक सोयीचा ठरला आहे.

२. एकशे अठ्ठावीस गुणांचा पराभव

रग्बीचा पहिला विश्वचषक १९८७ साली न्यूझीलंड व ऑस्ट्रेलिया येथे झाला. त्यात सोळा संघ होते. जपान तेव्हापासून प्रत्येक विश्वचषकात खेळत आला. परंतु १९८७ ते २०११ या सात स्पर्धांत त्याला एकच विजय मिळाला, तोही १९९१ साली झिंबाब्वेविरुद्ध. १९९५ साली दक्षिण आफ्रिकेतील ब्लूमफाँटेन येथे तर न्यूझीलंडने जपानचा १४५-१७ असा दारुण पराभव केला.

अशा निकालानंतर एक प्रश्न नेहमी विचारला जातो. दुबळ्या संघांना मोठ्या स्पर्धेत घ्यावे तरी कशाला? हा प्रश्न अगदीच निराधार नाही. रग्बी हा अंगाला अंग भिडणारा खेळ आहे. ताकदीत फार तफावत असेल तर दुखापतीचा धोका वाढतो आणि प्रेक्षकांचाही हिरमोड होतो. २००३ साली ऑस्ट्रेलियाने नामिबियाला १४२-० असे हरवले, तेव्हा हीच शंका पुन्हा डोके वर काढू लागली.

जपानने या प्रश्नाला शब्दांनी उत्तर दिले नाही. २००३ साली तेथे कंपन्यांच्या संघांची देशव्यापी 'टॉप लीग' सुरू झाली. देशातल्या देशात कसदार सामने वर्षानुवर्षे होत राहिले. विश्वचषकाचे दारही बंद झाले नाही. १९ सप्टेंबर २०१५ रोजी इंग्लंडमधील ब्रायटन येथे जपानची गाठ दक्षिण आफ्रिकेशी पडली. आफ्रिकेचा संघ तोपर्यंत दोनदा विश्वविजेता ठरला होता. अखेरच्या क्षणी जपान तीन गुणांनी मागे होता आणि पेनल्टीची किक साधून बरोबरी करणे शक्य होते. कर्णधार मायकेल लीच यांनी बरोबरी नाकारली आणि विजयासाठी झुंज देण्याचे ठरवले. शेवटच्या हल्ल्यात ट्राय झाला आणि जपानने ३४-३२ असा विजय मिळवला. चार वर्षांनी, २०१९ साली, स्वतःच्या भूमीवरील विश्वचषकात आयर्लंड व स्कॉटलंड यांना नमवून जपान प्रथमच उपांत्यपूर्व फेरीत पोहोचला.

ब्लूमफाँटेन ते ब्रायटन हे अंतर वीस वर्षांचे आहे. १९९५ च्या निकालावरून जपानला स्पर्धेबाहेर ठेवले असते, तर २०१५ चा तो दिवस उगवलाच नसता.

पाठगत प्रश्न १
(अ) 'सेव्हन्स' हा प्रकार नव्या देशांना का सोयीचा ठरतो?
(आ) दुबळ्या संघांना मोठ्या स्पर्धेत घेण्याविरुद्ध कोणती कारणे दिली जातात?

३. दार कोणासाठी उघडते?

नव्या देशांपुढील खरी अडचण चार वर्षांतून एकदा येणारा विश्वचषक ही नसून मधली वर्षे ही आहे. बलाढ्य देश दरवर्षी एकमेकांशीच खेळतात; सामन्यांचे उत्पन्न आणि अनुभव त्यांच्याकडेच राहतो. युरोपातील जुन्या पाच देशांच्या स्पर्धेत इटलीला २००० साली प्रवेश मिळाला आणि ती 'सिक्स नेशन्स' झाली. अर्जेंटिना २००७ च्या विश्वचषकात तिसरा आला. तरीही दक्षिण गोलार्धातील मोठ्या देशांच्या वार्षिक स्पर्धेत त्याला जागा मिळायला २०१२ साल उजाडावे लागले.

जॉर्जियाची कहाणी याहून वेगळी आहे. या देशात 'लेलो' नावाचा रग्बीशी साम्य असलेला पारंपरिक खेळ गावोगावी खेळला जात असे. त्यामुळे रग्बी तेथे चटकन रुजली; ट्रायलाही तेथे 'लेलो' असेच म्हणतात. २०२२ साली जॉर्जियाने आधी इटलीला आणि नंतर कार्डिफ येथे वेल्सला १३-१२ असे हरवले. तरीही 'सिक्स नेशन्स'चे सदस्यत्व त्याच्या वाट्याला आले नाही. मैदानावरील पात्रता आणि स्पर्धेतील प्रवेश या दोन गोष्टी एकत्र येतातच असे नाही, हे यावरून दिसते.

काही दारे मात्र खरोखर उघडली. ऑलिंपिकमध्ये १९२४ नंतर रग्बी नव्हती. २०१६ साली रिओ येथे ती 'सेव्हन्स'च्या रूपाने परतली. दहा लाखांहूनही कमी लोकवस्तीच्या फिजी या देशाने अंतिम सामन्यात ग्रेट ब्रिटनला ४३-७ असे हरवले. ऑलिंपिकच्या इतिहासातील फिजीचे ते पहिले पदक होते, आणि तेही सुवर्ण! २०२३ च्या विश्वचषकात चिली प्रथमच खेळला आणि पोर्तुगालने फिजीला २४-२३ असे हरवून आपला पहिला विजय नोंदवला. ऑस्ट्रेलियातील २०२७ च्या विश्वचषकासाठी संघांची संख्या वीसवरून चोवीस करण्यात आली. त्यामुळे हाँगकाँगला प्रथमच प्रवेश मिळाला आणि झिंबाब्वे १९९१ नंतर पुन्हा या स्पर्धेसाठी पात्र ठरला.

दुसरीकडे, २०२६ पासून आखलेल्या 'नेशन्स चॅम्पियनशिप' या स्पर्धेत बारा संघ ठरवून घेतले आहेत. जपान व फिजी यांना त्यात स्थान मिळाले. परंतु सुरुवातीच्या वर्षांत खालच्या संघांना बढतीची वाट ठेवलेली नाही. नवी स्पर्धा दार उघडते, तशी ती ते लावूनही घेऊ शकते.

४. भारत : जुनी ओळख, उशिराचा प्रवेश

भारताला रग्बी नवी नाही. १८७२ च्या नाताळात कोलकात्यात या खेळाचा सामना झाला आणि पुढच्याच वर्षी तेथे क्लब स्थापन झाला. तो फार काळ टिकला नाही. क्लब बंद करताना सदस्यांनी बँकेतील शिल्लक चांदीच्या रुपयांच्या रूपात काढली आणि ते २७० रुपये वितळवून एक चषक घडवला. नागाच्या आकाराच्या मुठी आणि झाकणावर हत्ती असलेला हा 'कलकत्ता कप' १८७९ पासून इंग्लंड व स्कॉटलंड यांच्यातील सामन्यासाठी ठेवला जातो. चांदी भारतातली, कारागिरीही भारतातली. खेळ मात्र भारतीयांचा झाला नाही. तो लष्करी छावण्या आणि मुंबई-कोलकात्यातील मोजक्या जिमखान्यांपुरता उरला. भारताचा राष्ट्रीय संघ पंधरा खेळाडूंच्या आंतरराष्ट्रीय सामन्यात उतरला तो थेट १९९८ साली!

त्यानंतर चित्र हळूहळू पालटले. ओडिशातील भुवनेश्वर येथील कलिंग इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस या संस्थेत आदिवासी मुले शिकतात. तेथील चौदा वर्षांखालील मुलांचा संघ २००७ साली लंडनमधील आंतरराष्ट्रीय शालेय स्पर्धेत उतरला आणि अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेच्या संघाला हरवून विजेता ठरला. या मुलांची रग्बीशी ओळख होऊन फार काळ लोटला नव्हता.

पंधरा खेळाडूंचा भारतीय महिला संघ २०१८ साली प्रथमच आंतरराष्ट्रीय सामने खेळला आणि पराभूत झाला. पुढच्याच वर्षी, जून २०१९ मध्ये, मनिला येथे याच महिलांनी सिंगापूरला २१-१९ असे हरवले. या प्रकारातील भारतीय महिलांचा तो पहिला विजय होता. अखेरच्या मिनिटांत निर्णायक पेनल्टी साधणाऱ्या सुमित्रा नायक या भुवनेश्वरच्या त्याच संस्थेच्या विद्यार्थिनी. पुण्याच्या वाहबिझ भरुचा यांनीही भारतीय संघाचे नेतृत्व केले आहे. जिमखान्याच्या कुंपणाआड जे शतकभरात घडले नाही, ते शाळेच्या मैदानांवर काही वर्षांत घडले.

पाठगत प्रश्न २
(अ) 'कलकत्ता कप' कशापासून घडवण्यात आला?
(आ) जपानचा पुरुष संघ आणि भारताचा महिला संघ यांच्या वाटचालीत कोणते साम्य आढळते?

५. बेंगळुरूचे नाव, मुंबईचे मैदान

जून २०२५ मध्ये मुंबईत अंधेरी येथे 'रग्बी प्रीमियर लीग' ही सेव्हन्स प्रकारातील स्पर्धा प्रथमच झाली. बेंगळुरू, चेन्नई, दिल्ली, हैदराबाद, मुंबई आणि कलिंग अशी नावे धारण करणारे सहा संघ तीत उतरले. परदेशांतील नामवंत खेळाडूंच्या खांद्याला खांदा लावून भारतीय खेळाडू खेळले. अंतिम सामन्यात चेन्नईने दिल्लीला हरवून विजेतेपद पटकावले.

बेंगळुरू हे शहर अशा लीग स्पर्धांना सरावलेले आहे. २०१४ साली सुरू झालेल्या प्रो कबड्डी लीगमध्ये 'बेंगळुरू बुल्स' या संघाने जानेवारी २०१९ मध्ये विजेतेपद मिळवले होते. आता 'बेंगळुरू ब्रेव्हहार्ट्स' या नावाने रग्बीचा संघही शहराला मिळाला. परंतु कबड्डीचे अंगण देशातील गल्लोगल्ली आधीपासून होते. रग्बीचे तसे नाही. पहिल्या वर्षीचे सारे सामने मुंबईतील एकाच मैदानावर झाले. बेंगळुरूच्या मुलांना आपल्या शहराचा संघ दूरचित्रवाणीवर दिसला, आपल्या शहरात नाही.

याचा अर्थ स्पर्धा निरर्थक ठरली असा नाही. ऑलिंपिक विजेत्यांबरोबर सराव केलेला भारतीय खेळाडू पूर्वीचा राहत नाही. तथापि लीग हे झाडाचे फूल आहे, मूळ नव्हे. काही दिवस चालणारी स्पर्धा खेळाडूला प्रसिद्धी देते. वर्षभर मिळणारे मैदान, प्रशिक्षक आणि सामने त्याला घडवतात. बेंगळुरूच्या नावाचा संघ बेंगळुरूच्या शाळांतून आलेल्या मुलामुलींचा होईल, तेव्हाच या स्पर्धेचे खरे फळ पदरात पडेल.

उशिरा सुरुवात करणाऱ्याचे पहिले निकाल बहुधा निराशाजनक असतात. ते निकाल त्याची आजची तयारी दाखवतात, उद्याची कुवत नव्हे. हे रग्बीइतकेच शिक्षणालाही लागू पडते. म्हणून उशिरा आलेल्यासाठी दार उघडे ठेवणे ही दया नव्हे. ते न्यायाचे कार्य होय.

तुम्ही काय शिकलात?

• नव्या संघांची प्रगती बलाढ्य संघांशी नियमित सामने मिळण्यावर अवलंबून असते.
• मोठा पराभव म्हणजे कायमची अपात्रता नव्हे.
• काही स्पर्धा नव्या देशांना सामावून घेतात, तर काही त्यांना बाहेर ठेवतात.
• भारतात रग्बी जुनी असली, तरी सामान्य मुलामुलींपर्यंत ती अलीकडेच पोहोचली.

शब्दार्थ

आख्यायिका – परंपरेने सांगितली जाणारी कथा
दारुण – अतिशय मोठा, भयंकर
तफावत – फरक
हिरमोड होणे – निराशा होणे
कुवत – क्षमता, शक्ती

स्वाध्याय

१. पुढील विधाने सकारण स्पष्ट करा.
(अ) चांदी भारतातली, कारागिरीही भारतातली. खेळ मात्र भारतीयांचा झाला नाही.
(आ) लीग हे झाडाचे फूल आहे, मूळ नव्हे.

२. जॉर्जियाच्या उदाहरणातून कोणता अन्याय दिसून येतो? तो दूर करण्यासाठी काय करता येईल, ते तुमच्या शब्दांत लिहा.

३. 'डोके वर काढणे', 'खांद्याला खांदा लावणे', 'पदरात पडणे' या वाक्प्रचारांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा.

४. तुमच्या परिसरात मैदानाअभावी मागे राहिलेल्या एखाद्या खेळाविषयी दहा ओळी लिहा.