ऑक भाषेतील प्रमाणबाह्य सोयी : उपयोग आणि सावधगिरी

पंचायतीची घरपट्टीची यादी असो वा शाळेचा हजेरीपट, संगणकात साठविलेल्या अशा मजकुराच्या ओळी चाळणे, हवे ते रकाने निवडणे व बेरजा करणे या कामी ‘ऑक’ ही छोटी संगणकभाषा फार उपयोगी पडते. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९७७ साली आहो, वाइनबर्गर व कर्निघन यांनी ती तयार केली. त्यांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरूनच तिला हे नाव मिळाले.

पुढे या भाषेच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. त्या सर्वांत समान असावयाचे नियम ‘पॉसिक्स’ या प्रमाणात नमूद आहेत. ‘गॉक’ या आवृत्तीने मात्र प्रमाणापलीकडच्या काही सोयी दिल्या. मजकुरात हवा तसा बदल करून देणारी ‘जेनसब’ ही आज्ञा, ठराविक रुंदीचे रकाने वाचणारे ‘फील्डविड्थ्स’ आणि रोमन लिपीतील लहानमोठ्या अक्षरांचा भेद न मानणारे ‘इग्नोअरकेस’ या त्यांपैकी काही होत.

या सोयींमुळे श्रम वाचतात. परंतु तोच कार्यक्रम ‘मॉक’सारख्या दुसऱ्या आवृत्तीवर चालविला असता अडचण उद्भवते. ‘जेनसब’ आढळताच मॉक चूक दाखवून थांबते. ही अडचण निदान उघड असते. ‘इग्नोअरकेस’ची गोष्ट निराळी. मॉक त्यास केवळ एक साधे नाव समजते आणि काही न बोलता काम पुढे चालू ठेवते. परिणामी, शोधावयाचे आडनाव लहान अक्षरांत दिले असेल, तर मोठ्या अक्षरांत नोंदलेली नावे यादीतून गळतात. यादी लाभार्थ्यांची असल्यास पात्र कुटुंब वंचित राहते आणि चूक कोणाच्याही ध्यानात येत नाही.

यावर उपाय सोपे आहेत. तुलनेसाठी सर्व अक्षरे लहान करून देणारी ‘टूलोअर’ ही आज्ञा प्रमाणात आहे. शक्य तेथे तीच वापरावी. गॉकमधील ‘लिंट’ हा पर्याय प्रमाणबाह्य वापराची सूचना देतो, तर ‘पॉसिक्स’ हा पर्याय अशा सोयी बंद करतो. त्या चालू व बंद ठेवून आलेली दोन्ही उत्तरे ताडून पाहावीत. प्रमाणबाह्य सोय अपरिहार्यच असेल, तर ‘यास गॉक आवश्यक’ अशी नोंद कार्यक्रमाच्या आरंभी करावी. बदलून येणाऱ्या कर्मचाऱ्यास ती नोंद निश्चितच मार्गदर्शक ठरेल.