तास्को: चांदी जुनी, सोनार नवे

(मेक्सिको सिटीहून शनिवारी भल्या सकाळी निघालेली सहलीची बस. खिडकीशी कोल्हापूरहून आलेले मामा. घरात दोन पिढ्यांचा चांदीचा धंदा. शेजारी इथंच नोकरी करणारी त्यांची भाची.)

मामा: दोन गावं, एक दिवस, जेवण त्यांच्याकडे. आणि चांदीचं गाव ठेवलंय शेवटी! सरळ तिथंच का नेत नाहीत?

भाची: तास्को लांब आहे मामा, पावणेदोनशे किलोमीटर. वाटेत कुएर्नावाका लागतं. आणि ती वाटच बघण्यासारखी आहे. पूर्वी हाच रस्ता पुढं आकापुल्को बंदराला जायचा. तिथून चांदी जहाजात भरून पॅसिफिक ओलांडून मनिलाला. 1565 ते 1815, अडीचशे वर्षं ही जहाजं चालली. येताना चीनचं रेशीम आणि चिनी मातीची भांडी.

मामा: आणि चांदी चीनच्या घशात.

भाची: बरीचशी. दुसरी वाट अटलांटिकवरून स्पेनला. तिथून डच, इंग्रज, पोर्तुगीज व्यापाऱ्यांच्या हातून ती सुरतेला यायची. स्पेनचं आठ रेआलचं नाणं मुघलांच्या टांकसाळीत वितळवून त्याचे रुपये पाडायचे.

मामा: म्हणजे आमच्या आजीच्या तोड्यांत इथली चांदी असू शकेल?

भाची: असेलही. वितळलेल्या चांदीचं मूळ कोण सांगणार?

(कुएर्नावाका. मेक्सिको जिंकणाऱ्या स्पॅनिश कोर्तेसचा वाडा बाहेरून बघून होतो. आतली दिएगो रिवेराची 1930 ची भित्तिचित्रं गाइड दहा मिनिटांत उरकतो. मग कॅथेड्रल.)

मामा: ही चित्रं कसली? होड्या, भाले, क्रुसावर चढवलेली माणसं. आणि शिपाई तर जपानी दिसतात.

भाची: जपानीच आहेत. 1597 साली नागासाकीला 26 ख्रिस्ती लोकांना क्रुसावर मारलं, त्याचं हे चित्र. कित्येक वर्षं चुन्याखाली झाकलेलं होतं, विसाव्या शतकात डागडुजी करताना उघडं पडलं. आता नीट बघा, कारण त्या 26 जणांत आपल्या वसईचा एक जण आहे.

मामा: वसईचा? काहीतरीच!

भाची: गोन्सालो गार्सिया. पोर्तुगीज अमलातल्या वसईत जन्मला, जपानला गेला, मनिलाला फ्रान्सिस्कन संघात दाखल झाला, आणि जपानी भाषा येत होती म्हणून दुभाषा बनून परत जपानला. 1862 मध्ये या सगळ्यांना संतपद मिळालं. भारतात जन्मलेला पहिला कॅथलिक संत तो. त्याच्याबरोबर मेलेला फेलिपे दे हेसूस हा मेक्सिकोचा. मनिलाहून घरी परतताना त्याचं जहाज वादळानं जपानला लागलं. तरुणपणी तो चांदीकाम शिकत होता, असं इथं सांगतात.

मामा: म्हणजे तुझी ती चांदीची वाट.

भाची: तीच. या गावावरून माल जायचा तसे पाद्रीही जायचे, म्हणून भिंतीवर जपान.

(दुपार. तास्को. डोंगराला चिकटलेली पांढरी घरं, लाल कौलं. मोठी बस खालच्या रस्त्याला थांबते. वर जायला लहान गाडी.)

मामा: अरे, या गल्ल्यांतून गाडी जाते? आणि टॅक्सी म्हणून ही जुनी फोक्सवॅगन!

भाची: बीटल. चढ, वळण आणि अरुंद फरशीची वाट, तिन्हींना पुरी पडते. ड्रायव्हरचा आत्मविश्वास मात्र माझ्या पोटात गोळा आणतो.

मामा: गाइड म्हणाला, इथं चारशे वर्षांची चांदीकामाची परंपरा आहे.

भाची: तिथंच तो घसरला. खाणकामाची परंपरा म्हणाला असता तर बरोबर होतं. स्पॅनिश लोक 1520 च्या दशकातच या भागात आले, तेही चांदीसाठी नाही. कोर्तेसला तोफा ओतायच्या होत्या, कथील हवं होतं. चांदी मागाहून लागली. पण खाणीतून निघालेली चांदी गावात थांबत नव्हती.

मामा: का? कच्चा माल दारात असताना दागिने नाही घडवले?

भाची: घडवू देणार कोण? राजाचा वाटा आधी, मूळ दर पाचवा हिस्सा. चांदी राजधानीच्या टांकसाळीत गेली पाहिजे, तिच्यावर छाप पडला पाहिजे. राजधानीतल्या चांदीकारागिरांनाही एकाच रस्त्यावर दुकानं मांडायला लावली होती, नजर ठेवता यावी म्हणून. प्लातेरोस नाव होतं त्या रस्त्याचं. परवा आपण कॉफी प्यायलो तो मादेरो रस्ता तोच.

मामा: आणि खनिजातून चांदी वेगळी कशी करायचे? मुशीत वितळवून?

भाची: चांगल्या प्रतीच्या खनिजाला ते चालतं. पण इथलं बरंच खनिज हलकं, जाळायला लाकूडही पुरेना. 1550 च्या दशकात बार्तोलोमे दे मेदिनानं पाचुकाला दुसरी रीत बसवली. खनिजाची पूड करायची, ओली करून फरसबंद अंगणात पसरायची, तिच्यात मीठ, तांब्याचा क्षार आणि पारा घालायचा, आणि वर खेचरं फिरवायची. असं काही आठवडे.

मामा: पारा चांदीला धरून घेणार. आमच्याकडे जुने लोक पाऱ्यानंच मुलामा द्यायचे. मग तापवला की पारा उडतो, चांदी उरते.

भाची: आणि तो उडालेला पारा कुणाच्या तरी छातीत जातो. खेचरांच्याही, माणसांच्याही. शिवाय पारा यायचा मुख्यतः स्पेनच्या अल्मादेनहून, आणि त्याचा व्यापार राजाच्याच हातात. किती पारा घेतला यावरून किती चांदी निघाली असेल, याचा अंदाज सरकार बांधायचं.

मामा: हुशार! आमच्या जीएसटीवाल्यांना सांगू नको.

(सांता प्रिस्काचं चर्च. गुलाबी दगड, दोन उंच मनोरे. आत छतापर्यंत चढलेली सोन्याच्या वर्खाची वेदी.)

मामा: एवढं सोनं, चांदीच्या गावात?

भाची: चांदीनंच विकत घेतलेलं. होसे दे ला बोर्दा. 1716 साली पोरवयात युरोपातून भावाकडं आला. 1748 मध्ये त्याला खाणीत चांदीची मोठी शीर लागली. 1751 ते 1758, सात वर्षांत हे चर्च उभं केलं. सगळा खर्च माझा, पण काम माझ्या मर्जीनं, अशी त्याची बोली. मुलगा पाद्री होता, त्याच्यासाठी. देव बोर्दाला देतो, बोर्दा देवाला देतो, असं लोक म्हणायचे.

मामा: आणि देवानं हात आखडला की?

भाची: आखडलाच. खाण आटली, पैसा संपला. मग त्यानं आर्चबिशपकडे परवानगी मागितली आणि या चर्चला स्वतःच वाहिलेला हिरेजडित सोन्याचा सूर्य परत घेऊन विकला. जर्मन शास्त्रज्ञ हुम्बोल्टनं लिहून ठेवलंय हे. तोही 1803 मध्ये इथं येऊन गेला होता.

मामा: देवाला वाहिलेलं परत मागितलं! आमच्याकडे अंबाबाईच्या दारात असं कुणी केलं असतं तर...

भाची: ऐका तर. ते पैसे घेऊन तो साकातेकासला गेला, तिथं पुन्हा शीर लागली, पुन्हा श्रीमंत. 1778 मध्ये कुएर्नावाकात वारला. मला विचाराल तर या इमारतीपेक्षा तो सूर्य विकणारा बोर्दा जास्त आवडतो. खरा धंदेवाला.

मामा: मग ही दुकानं? चौकात जिकडंतिकडं चांदीच आहे की.

भाची: ती सुरुवात 1931 ची. विल्यम स्प्रॅटलिंग हा अमेरिकन, न्यू ऑर्लिन्सच्या टुलेन विद्यापीठात वास्तुकला शिकवायचा. 1929 ला इथं राहायला आला. अमेरिकेचे राजदूत मॉरो त्याच्या ओळखीचे. सकाळची ती रिवेराची चित्रं त्यांनीच पैसे देऊन काढून घेतली होती. ते म्हणाले, शतकानुशतकं इथून चांदी निघते, पण गावाला तिचा घडणीसाठी उपयोग नाही. स्प्रॅटलिंगनं मनावर घेतलं. इथं सोनार मिळेनात, म्हणून जवळच्या इग्वालाहून आणले.

मामा: म्हणजे खाण इथं आणि कारागीर बाहेरचे! आमच्या कोल्हापूरजवळच्या हुपरीत नेमकं उलटं. खाणीचा पत्ता नाही, चांदीचा रवा बाहेरून येतो आणि घरोघरी पैंजण जोडतात.

भाची: स्प्रॅटलिंगनं युरोपी नमुने टाकून इथल्या जुन्या दगडी मूर्ती, मातीचे शिक्के यांवरून आकार घेतले. ठसठशीत, जड, कधी आबनूस किंवा कासवाची पाठ बसवलेले. पोरांना हाताशी घेऊन शिकवलं. दुसऱ्या महायुद्धात युरोपचा माल बंद झाला तेव्हा अमेरिकी दुकानांनी इथं ऑर्डरी टाकल्या. कारखान्यात शेकडो माणसं झाली. मग बाहेरचे भागीदार घेतले आणि 1940 च्या दशकातच कंपनी बुडाली.

मामा: पण शिकलेली पोरं राहिली असतील.

भाची: राहिली, तीच गंमत. अंतोनियो कास्तियो, एक्तोर आगिलार, अंतोनियो पिनेदा यांनी स्वतःचे कारखाने काढले. कास्तियो बंधूंनी चांदी, तांबं, पितळ शेजारी शेजारी जोडून एकच पत्रा करायचं काम नावारूपाला आणलं.

मामा: वेगवेगळ्या धातूंना एकाच उष्णतेत झाळायचं म्हणजे हात पाहिजे हं. आणि आता चांदी येते ती याच डोंगरातून?

भाची: नाही. इथल्या मोठ्या खाणीत 2007 च्या जुलैत संप झाला आणि तो वर्षानुवर्षं मिटलाच नाही. चांदी काढण्यात मेक्सिको आजही जगात पहिला, पण ती निघते दुसऱ्या राज्यांत.

मामा: म्हणजे झाली की हुपरी! चल, गाइड त्या काचेच्या दुकानाकडं हात करतोय.

भाची: नको. आज शनिवार, खाली चांदीचा बाजार भरतो. आजूबाजूच्या गावांतले कारागीर स्वतः माल घेऊन येतात. 925 चा शिक्का तेवढा बघा.

मामा: साडेब्याण्णव टंच, बाकी तांबं. आमच्या पैंजणांपेक्षा चोखच म्हणायची.

भाची: आणि आल्पाका म्हणाले तर घेऊ नका. त्यात चांदी नसतेच. तांबं, निकेल, जस्त.

मामा: जर्मन सिल्व्हर! ते मला शिकवतेस? तू फक्त वजन आणि मजुरी वेगवेगळी विचार. एकत्र भाव सांगितला की पुढच्या पाटावर जायचं.