टायरची झीज आणि गाडीची तपासणी

"शर्यतीच्या गाड्यांचे टायर तर गुळगुळीतच असतात, मग आमच्या मोटारसायकलचा टायर गुळगुळीत झाला म्हणून बिघडले कुठे?" पदार्थविज्ञानाच्या तासाला घर्षणाचे प्रकरण सुरू झाले, की हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. प्रश्न थट्टेचा वाटला तरी तो थट्टेवारी नेण्यासारखा नाही. आपल्या महाविद्यालयातील अनेक विद्यार्थी बेळगावहून जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, केरी, साखळी या वाटेने दुचाकीवरून गोव्यात उतरतात. काहींची घरेच डिचोली आणि पेडणे तालुक्यांत आहेत. मी स्वतः डिचोलीचा. त्यामुळे पावसाळ्यात हा रस्ता कसा होतो हे मला ठाऊक आहे. या प्रश्नाचे उत्तर चुकीचे समजले, तर त्याची किंमत परीक्षेतल्या गुणांनी नव्हे, तर हाडांनी किंवा प्राणांनी मोजावी लागते. म्हणून प्रस्तुत लेखात त्याचा थोडा सविस्तर विचार करू.

हौशी चालकांची शर्यतभूमी

अलीकडे हौशी चालकांसाठी 'ट्रॅक डे' नावाचा प्रकार आपल्या देशात रुजला आहे. यात बक्षिसाची शर्यत नसते. ठरलेल्या दिवशी, ठरलेले शुल्क भरून, बंदिस्त मार्गावर आपली गाडी वेगाने चालवण्याची मुभा असते. समोरून वाहन येत नाही, गुरे आडवी येत नाहीत. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई येथे, तसेच कोइम्बतूरजवळ करी मोटर स्पीडवे येथे असे मार्ग आहेत. त्यापूर्वी मद्रासजवळच्या शोलावरम येथील महायुद्धकालीन धावपट्टीवर शर्यती होत असत. मोटार क्रीडा संस्थांचा अखिल भारतीय संघ १९७१ साली स्थापन झाला. गोव्यात असा कायमचा मार्ग नाही. बार्देशातील वागातोर येथे मोटारसायकलस्वारांचे वार्षिक मेळावे भरतात. पण आपल्याला खऱ्या डांबरी शर्यतमार्गावर जायचे, तर बेळगावहून निघणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४८ धरून बंगळूरमार्गे थेट चेन्नईच्या वेशीपर्यंत जावे लागते.

अशा ठिकाणी गाडी मार्गावर सोडण्यापूर्वी तिची तपासणी होते. टायरची नक्षी किती उरली, रबराला भेगा किंवा फुगवटा आहे काय, ब्रेकचे लायनर किती शिल्लक आहेत, चाक हाताने हलवले असता बेअरिंगमध्ये खेळ जाणवतो काय, चेन सैल आहे काय, सोडलेली मूठ आपोआप मागे फिरते काय, इंजिनातून तेल गळते काय, हे सारे पाहिले जाते. दुचाकीचे आरसे काढायला लावतात आणि दिव्याच्या काचेवर चिकटपट्टी लावतात. कारण पडझड झाल्यास काचेचे तुकडे मार्गावर विखुरता कामा नयेत. मोटारीत सुटी पडलेली एखादी पाण्याची बाटलीसुद्धा बाहेर काढावी लागते. ती घरंगळत ब्रेकच्या पायदाबाखाली गेली, तर अनर्थ ओढवेल. तपासणीत उणीव निघाली, तर शुल्क भरलेला माणूसही बाहेरच थांबतो.

रबराचे घर्षण

शालेय पुस्तकात आपण शिकलो, की घर्षणबल हे दोन पृष्ठांच्या संपर्कक्षेत्रावर अवलंबून नसते. लाकूड किंवा धातू यांच्या बाबतीत हा नियम बराचसा खरा आहे. रबराच्या बाबतीत तो अपुरा पडतो. रबर मऊ असल्यामुळे रस्त्याच्या बारीक खडबडीत शिरते, त्याला चिकटते आणि दबून पुन्हा फुगताना ऊर्जा गिळते. म्हणून रबराचा जितका भाग रस्त्याला टेकेल, तितकी पकड सुधारते. कोरड्या मार्गावर शर्यतीचा टायर गुळगुळीत ठेवतात तो याचसाठी. खाचा नसल्यामुळे सारे रबर रस्त्याला टेकते, आणि ते रबरही मुद्दाम मऊ, तापल्यावर अधिक चिकट होणारे असे बनवलेले असते. पाऊस येताच तेच शर्यतपटू गुळगुळीत टायर काढून खाचांचे टायर चढवतात, ही गोष्ट मात्र आपले मित्र सोयीस्करपणे विसरतात.

याउलट रस्त्यावरचा झिजून गोटा झालेला टायर हा शर्यतीचा टायर नव्हे. त्याचे रबर दीर्घकाळ टिकावे म्हणून कठीण केलेले असते. वयाबरोबर ते आणखी कठीण होते. आणि आतील दोऱ्यांच्या थरापर्यंतचे अंतर इतके कमी होते, की एखादी खडी किंवा खिळाही ते भेदून जातो. दिसायला दोन्ही सारखे, गुणाने अगदी वेगळे.

आता थोडे गणित करू. समजा, मोटारसायकल आणि स्वार मिळून मागच्या चाकावर १२० किलोग्रॅमचा भार आहे आणि टायरमध्ये चौरस इंचाला सुमारे २९ पौंड, म्हणजे चौरस सेंटिमीटरला सुमारे दोन किलोग्रॅम हवा आहे. भाराला दाबाने भागले, तर रस्त्याला टेकलेला भाग साधारण ६० चौरस सेंटिमीटर निघतो. म्हणजे अर्ध्या पोस्टकार्डाएवढ्या रबरावर आपण प्राण सोपवून घाट उतरत असतो. हे एकदा मनात ठसले, की टायरकडे पाहण्याची दृष्टी बदलते.

पाणी आणि नक्षी

नक्षीचे मुख्य काम पाणी बाहेर फेकणे हे आहे. गोव्यात वर्षाकाठी शंभर इंचांहून अधिक पाऊस पडतो, आणि तो बहुतेक चार महिन्यांत पडतो. खाचांना जेवढे पाणी फेकता येईल त्याहून अधिक पाणी चाकापुढे साचले, तर चाक पाण्यावर तरंगू लागते. मग सुकाणूही चालत नाही आणि ब्रेकही लागत नाही. अमेरिकेतील नासा या संस्थेच्या संशोधकांनी १९६० च्या दशकात विमानांच्या चाकांचा अभ्यास करून याचे एक सोपे सूत्र दिले : चौरस इंचाला जितके पौंड हवा असेल, त्या संख्येच्या वर्गमुळाला १०.३५ ने गुणावे. येईल तो ताशी मैलांतील वेग. मोटारीच्या टायरमध्ये ३२ पौंड हवा असेल, तर हा वेग ताशी सुमारे ९४ किलोमीटर येतो. हवा १८ पौंडांवर उतरली, तर तो ताशी ७१ किलोमीटरवर घसरतो. पाण्याची खोली नक्षीच्या खोलीहून अधिक झाली, की हे सूत्र लागू होते. म्हणून गुळगुळीत टायरला थोडे पाणीही पुरते. दुचाकीच्या टायरचा घाट गोल असल्यामुळे तो पाणी अधिक चांगले कापतो. पण मागचा टायर मध्यभागी सपाट झाला, की ही सोयही बरीचशी जाते.

डिचोलीच्या परिसरात आणखी एक अडचण आहे, ती म्हणजे जांभ्याची आणि खनिजाची तांबडी धूळ. पहिल्या पावसात तिचा आणि रस्त्यावर सांडलेल्या तेलाचा जो लगदा होतो, तो चाकाखालील घर्षण एकदम उतरवतो. वीस मीटर त्रिज्येचे वळण घ्या. घर्षणगुणांक ०.८ असेल, तर ते वळण ताशी ४५ किलोमीटर वेगाने जेमतेम घेता येईल, गुणांक ०.४ वर आला, तर ताशी ३२ किलोमीटरच्या वर चाक निसटेल. ताशी ६० किलोमीटर वेगावरून थांबण्यासाठी पहिल्या स्थितीत सुमारे १८ मीटर लागतात, दुसऱ्या स्थितीत ३५ मीटर. ब्रेकवर पाय जाईपर्यंत कापलेले अंतर निराळेच. पेडण्याच्या बाजूला मालपेच्या उतारावर किंवा चोर्ल्याच्या नागमोडी वळणांवर हे वाढीव १७ मीटर कोठून आणायचे?

झीज काय सांगते

टायरची झीज ही चालकाची आणि गाडीची रोजनिशी असते. ती वाचता आली पाहिजे. नक्षी मध्यभागी अधिक झिजली असेल, तर हवा जास्त भरली जात आहे. दोन्ही कडा अधिक झिजल्या असतील, तर हवा कमी आहे. मोटारीच्या टायरची एकच कड झिजली, तर चाकांची अलाइनमेंट बिघडली आहे. ठिकठिकाणी खळगे पडले असतील, तर शॉक अब्सॉर्बर निकामी झाले आहेत किंवा चाकाचा तोल गेला आहे. दुचाकीच्या बाबतीत थोडा फरक आहे. सरळ महामार्गावर धावणाऱ्या मोटारसायकलचा मागचा टायर मध्यभागी सपाट होतो, तर घाटात आणि शर्यतमार्गावर त्याचे खांदे झिजतात. मध्यभागी सपाट झालेला टायर घेऊन जो वळणात झुकेल, त्याला सपाटीची धार ओलांडताना गाडी अचानक कलल्यासारखी वाटेल.

वापराविनाही टायर म्हातारा होतो. २०१२ साली गोव्यातील खाणी बंद झाल्या, तेव्हा डिचोली तालुक्यात खनिज वाहणारे शेकडो ट्रक अंगणांत आणि माळांवर उभे राहिले. अशा उभ्या वाहनांच्या टायरची नक्षी शाबूत राहते, पण ऊन आणि हवेतील ओझोन यांमुळे रबराला बारीक भेगा पडतात, आणि एकाच जागी भार राहिल्याने टायर तेथे चपटतो. म्हणून नक्षीबरोबर वयही पाहावे. टायरच्या बाजूवर शेवटी चार आकडे कोरलेले असतात. २३१९ असे असेल, तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला.

हवेच्या दाबाविषयीही एक गोष्ट लक्षात ठेवावी. शर्यतमार्गावर टायर तापतात. तापमान ३० अंशांवरून ७० अंशांवर गेले, तर ३२ पौंडांची हवा ३८ पौंडांच्या पुढे जाते. याचे गणित वायूंच्या नियमाने स्वतः करून पाहा. मात्र वातावरणाचा दाब मिळवून आणि तापमान केल्व्हिनमध्ये घेऊन. त्यामुळे तेथे हवा फेरीनंतर पुन्हा तपासतात. रस्त्यासाठी मात्र हवा नेहमी थंड टायरमध्ये, सकाळी निघण्यापूर्वी मोजावी.

कायदा आणि आपण

१९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील ९४ वा नियम टायरविषयी आहे. दुचाकी व तीनचाकीच्या टायरची नक्षी किमान ०.८ मिलिमीटर आणि इतर वाहनांची किमान १.६ मिलिमीटर असावी. दोरे उघडे पडलेला किंवा फुगवटा आलेला टायर अयोग्य समजावा, असा त्याचा आशय आहे. ट्रक, बस, टॅक्सी यांना १९८८ च्या मोटार वाहन कायद्यान्वये योग्यतेचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. गोव्यातील पिवळ्या-काळ्या मोटारसायकलीचा पायलटही भाड्याने प्रवासी नेतो, म्हणून त्याचे वाहन याच वर्गातले. परंतु आपली खाजगी दुचाकी? तिची नोंदणी एकदा झाली, की पंधरा वर्षांनी नूतनीकरणाची वेळ येईपर्यंत तिला अशा प्रमाणपत्रासाठी न्यावे लागत नाही. मधल्या काळात आपण जे पीयूसी प्रमाणपत्र काढतो, ते फक्त धुराचे असते. टायरशी त्याचा काही संबंध नाही.

येथेच मला मुद्दा मांडायचा आहे. बंदिस्त, एकेरी, रुग्णवाहिका जवळ उभी असलेल्या मार्गावर जाण्यापूर्वी ज्या गाडीची कसून तपासणी होते, तीच गाडी गुरे, ट्रक, खड्डे आणि पाऊस असलेल्या चोर्ला घाटात कोणतीही तपासणी न होता उतरते. ही उणीव कायद्याने भरून निघेल तेव्हा निघेल. तोवर आपला तपासनीस आपणच व्हायला हवे.

एक प्रयोग

विद्यार्थीमित्रहो, यासाठी महागडे साधन लागत नाही. प्रयोगशाळेतील व्हर्नियर कॅलिपरच्या मागील टोकाला खोली मोजण्याची पट्टी असते, ती वापरा. टायरच्या रुंदीवर तीन ठिकाणी आणि परिघावर चार ठिकाणी, अशी बारा मापे घ्या. खाचेत जे लहान आडवे उंचवटे असतात, त्यांवर माप घेऊ नका. ते झिजेची मर्यादा दाखवण्यासाठीच ठेवलेले असतात. दर हजार किलोमीटरला मापे वहीत नोंदवून आलेख काढा. समजा, ४००० किलोमीटरमध्ये नक्षी ६ मिलिमीटरवरून ५.२ वर आली, तर झीज हजार किलोमीटरला ०.२ मिलिमीटर आहे. कायद्याच्या मर्यादेपर्यंत अजून २२ हजार किलोमीटर उरतात. पण आपल्याकडच्या पावसाचा विचार करता मी २ मिलिमीटरलाच टायर बदलावा या मताचा आहे. म्हणजे १६ हजार किलोमीटर. तो आकडा ऐन आषाढात संपणार असेल, तर मे महिन्यातच टायर बदलावा.

फोंडा तालुक्यातील उसगावला टायरचा मोठा कारखाना आहे; टायर आपल्या दाराशी तयार होतात. ते केव्हा टाकून द्यायचे, हे ठरवणे मात्र वापरणाऱ्याच्या हाती असते. नवा टायर महाग वाटतो हे मान्य. विद्यार्थ्याच्या खिशाला तो जडच जातो. पण हप्त्याने घ्या, सहल पुढे ढकला, एसटीने किंवा कदंब बसने जा, आणि झिजलेल्या टायरवर मित्राला मागे बसवून घाट उतरू नका. मागे बसणाऱ्यानेही निघण्यापूर्वी खाली वाकून एकदा टायर पाहावा. त्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही; त्या अर्ध्या पोस्टकार्डावर त्याचाही तेवढाच वाटा असतो.