थोडं घे, अख्खं घे

अगं, तू पाठवलेला फोटो मी मोठा करून नीट पाहिला. चॉकलेट मॉल्ट, दोन रंगांचं क्रिस्टल, अर्धं उरलेलं रोस्टेड बार्लीचं पाकीट, ओट्स. सगळी पाकिटं तोंडाला रबरबँड लावून गॅरेजातल्या फळीवर, बासमतीच्या पोत्याला टेकून ठेवलेली. पहिला स्टाउट छान उतरला म्हणालीस, ते ऐकून मला फार बरं वाटलं. तुझा हात चांगला आहे आणि वासाचं नाक तर आपल्या घरात तुझंच. म्हणून आता या फळीबद्दल मोकळेपणाने बोलते.

बेस मॉल्टची मला फारशी काळजी नाही. पाच गॅलनच्या, म्हणजे १९ लिटरच्या एका बॅचला ते दहा-बारा पौंड लागतं, त्यामुळे आणलेलं संपतं. अडतं ते या खास मॉल्टपाशी. क्रिस्टल अर्धा-एक पौंड पुरतं, चॉकलेट तर पाव ते अर्धा पौंडच. १८१७ साली इंग्लंडमध्ये डॅनियल व्हीलरने ढोलात मॉल्ट भाजायच्या युक्तीचं पेटंट घेतलं. तेव्हापासून फिक्या मॉल्टमध्ये चिमूटभर काळं मॉल्ट मिसळून गडद पोर्टर करता यायला लागला. त्याचीच दुसरी बाजू अशी, की जे इतकं थोडं लागतं ते घरात महिनोन्‌महिने पडून राहतं. बिअरचा रंग आणि वास ज्याच्यावर ठरतो, नेमकं तेच सगळ्यांत जास्त दिवस डब्यात असतं. तेव्हा पहिली गोष्ट ही, की सेल लागला म्हणून खास मॉल्टची मोठी पिशवी उचलू नकोस. पोतं घ्यायचंच असेल तर बेस मॉल्टचं घे. बाकीचं पौंड-दोन पौंड, आणि तेही चार-पाच प्रकारांच्या वर नको.

आता आईचं धान्य आठव. मार्चात गहू यायचा, अंगणात ऊन दाखवलं जायचं, मग कोठीत भरला जायचा. तुझ्या डोक्यात तीच पद्धत आहे हे फोटोवरून कळतं, आणि त्यात गैर काही नाही. पण मॉल्ट म्हणजे मोड आणून भट्टीत वाळवलेलं सातू. साठवणीच्या गव्हात १२ टक्क्यांच्या आसपास ओलावा असतो, मॉल्टमध्ये जेमतेम चार-पाच. गहू हवेशी बराचसा जुळवून घेतलेला असतो, म्हणून गोणपाटात तो वर्षभर तग धरतो. मॉल्ट मात्र उघड्यावर राहिलं की हवेतला ओलावा ओढतच राहतं. ह्यूस्टनची हवा तुला मी काय सांगायची! तिथे मॉल्टला ऊन दाखवायला अंगणात पसरलंस तर ते वाळणार नाही, उलट दमट होईल.

क्रिस्टलला तर फारच जपावं लागतं. मोड आलेलं ओलं धान्य तसंच गरम करून दाण्याच्या आतल्या स्टार्चची साखर करतात आणि मग भाजतात. आत साखर गोठलेली असल्यामुळे ओलावा लागला की दाणा चिवट होतो, चक्कीच्या रोलरला चिकटतो. ताजा दाणा दाताखाली कटकन तुटतो. पाकीट उघडशील तेव्हा प्रत्येक वेळी एक दाणा चावून बघ, दुसऱ्या कुठल्या उपकरणाची गरज नाही.

दळण्याचं म्हणशील तर शक्य तितकं अख्खंच घे. अख्खं मॉल्ट कोरड्या, थंड, बंद जागी वर्षभर सहज टिकतं. भरडलं की साल फुटते, आतल्या स्निग्धांशाला हवा लागते आणि वास उडायला लागतो. मसाल्याचं बघ ना, अख्खे धणे वर्ष काढतात आणि धणेपूड दोन महिन्यांत फिकी पडते. अजून तुझ्याकडे चक्की नाही, तर दुकानातून त्या त्या बॅचपुरतंच भरडून आण आणि दोनेक आठवड्यांत वापरून टाक. राहिलंच तर हवा काढून पिशवी बंद कर. पण जाड पिशवी वापर, सालीची टोकं पातळ प्लास्टिकला भोकं पाडतात. पुढेमागे दोन रोलरची छोटी चक्की घेतलीस तर या छंदातला तो सगळ्यांत शहाणा खर्च ठरेल, असं माझं मत आहे.

डब्यांचं थोडक्यात सांगते. बेस मॉल्टसाठी खाद्यपदार्थांच्या दर्जाच्या पाच गॅलनच्या बादल्या आण, रबरी कडी असलेलं फिरकीचं झाकण लावून. एका बादलीत साधारण वीस पौंड मावतं, म्हणजे २५ किलोच्या पोत्याला तीन बादल्या धर. खास मॉल्टला काचेच्या घट्ट झाकणाच्या बरण्या पुरतात, पण त्या कपाटात, उजेडापासून लांब ठेव. स्मोक्ड मॉल्ट आणलंस तर त्याला वेगळी बरणी आणि वेगळा कोपरा दे. त्याचा धुरकट वास शेजाऱ्याला लागतो आणि त्याचा स्वतःचाही हळूहळू उडतो, म्हणून ते आधी वापर. गॅरेज मात्र सोड. उन्हाळ्यात ते तापतं आणि उंदीर प्लास्टिक कुरतडतात. घरात एसी चालतो त्या खोलीतलं कपाट चांगलं.

आता किडीचं. इथे जरा थांबून ऐक, कारण तांदळाचं पोतं शेजारी आहे. सोंड्याची मादी दाण्याला भोक पाडून आत अंडं घालते आणि भोक बुजवून टाकते. अळी दाण्याच्या आतच वाढते, म्हणून वरून धान्य स्वच्छ दिसतं आणि उबदार हवेत महिनाभराने अचानक किडे चालताना दिसतात. जाळी करणारा पतंगही एका पाकिटातून दुसऱ्यात जातो. तांदूळ, कणीक, रवा यांतून कीड मॉल्टमध्ये येते, मॉल्टमधून त्यांच्यात जाते. म्हणून दोन्ही एका कपाटात कधीच नकोत. नवीन आणलेलं मॉल्ट पिशवी घट्ट बंद करून आठवडाभर फ्रीझरमध्ये, उणे १८ अंशांवर ठेव. नवा तांदूळही तसाच ठेवलास तर उत्तम. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नकोस, रात्रभर तशीच राहू दे. थंड दाण्यावर हवेतलं पाणी जमलं तर सगळी मेहनत वाया जाईल.

आणि आईचे उपाय इथे लावू नकोस, हे अगदी कळकळीने सांगते. तांदळाला एरंडेल चोळतात तसं मॉल्टला चोळलंस तर बिअरवर फेस टिकणार नाही, तेलाने फेस मरतो. कडुनिंबाचा पाला आपला कडवटपणा आणि वास धान्यात सोडतो. बोरिक पावडर तर मुळीच नको. तांदूळ चार पाण्यांनी धुऊन शिजवतो, मॉल्ट धूत नाहीत, भरडून तसंच मॅशमध्ये, म्हणजे गरम पाण्यात जातं. मॉल्टमध्ये सोंडे दिसले तर निवडत बसू नकोस, टाकून दे आणि बरणी गरम पाण्याने धुऊन पूर्ण वाळव.

तुझा फर्मेंटर त्याच फळीखाली आहे ना? तो हलव. सातूच्या सालीवर लॅक्टोबॅसिलस हा आंबवणारा जिवाणू असतोच. बर्लिनर वाइससारखी आंबट बिअर करताना काही लोक वर्टमध्ये, म्हणजे मॉल्टच्या गोड काढ्यात, मूठभर अख्खं मॉल्ट मुद्दाम टाकतात, इतका तो भरवशाचा. तुला स्टाउट आंबट नको असेल तर मॉल्ट ओतणं, भरडणं, बरण्या भरणं यांपैकी काहीही थंड झालेल्या वर्टच्या खोलीत करू नकोस. भरडताना उडणारी धूळ दिसते त्याहून लांब जाते.

बरण्यांवर चिठ्ठ्या लाव, आणि नुसतं ‘डार्क’ लिहून भागणार नाही. चॉकलेट मॉल्ट, ब्लॅक मॉल्ट आणि रोस्टेड बार्ली शेजारी ठेवले तर सवय नसलेल्या डोळ्याला ओळखू येत नाहीत, आणि चवीत मोठा फरक. क्रिस्टल ४० आणि ६० तर जाणकारही बघून सांगू शकणार नाही. चिठ्ठीवर नाव, कंपनी, रंगाचा लोविबॉन्ड आकडा, आणल्याची तारीख आणि अख्खं की भरडलेलं एवढं असू दे. कंपनी यासाठी, की एकाच नावाच्या मॉल्टचा रंग प्रत्येकाचा निराळा असतो.

जुन्या पाकिटाची शंका आली तर अमेरिकन सोसायटी ऑफ ब्रूइंग केमिस्ट्सची एक साधी पद्धत आहे, घरी सहज होते. ५० ग्रॅम भरडलेलं मॉल्ट थर्मासमध्ये घाल, ६५ अंशांचं ४०० मिलिलिटर पाणी ओत, हलव, पंधरा मिनिटांनी गाळून वास घे आणि चाख. गडद मॉल्ट असेल तर ५० ग्रॅममध्ये बरंचसं बेस मॉल्टच घे, त्यात थोडं गडद. कागदी पुठ्ठ्याचा किंवा कुबट वास आला तर ते बिअरमध्येही येणार. मला हा प्रकार फार आवडतो. दुकानदाराच्या वर्णनापेक्षा तुझ्या जिभेला काय कळलं ते वहीत लिहीत जा.

हो, आणि दिवाळीत पुण्याला जाऊन बाबांना बिअर करून दाखवायचा बेत सोड. अमेरिकेत कार्टर यांनी १९७८ साली सही केलेल्या कायद्याने घरच्यापुरती बिअर करायला केंद्राची मुभा दिली, दोन प्रौढांच्या घराला वर्षाला २०० गॅलनपर्यंत. महाराष्ट्रात मात्र १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय मद्य तयार करता येत नाही. त्यापेक्षा बाबा तुझ्याकडे येतील तोवर चक्की घे आणि त्यांच्याकडून तिचा दांडा फिरवून घे, त्यांना आवडेल.

या शनिवारी एवढंच कर. बरण्या आण, चिठ्ठ्या लिही, उरलेलं चॉकलेट आणि रोस्टेड बार्ली मिळून एक छोटा पोर्टर लाव म्हणजे फळी मोकळी होईल. ओट्सना मात्र शनिवारपर्यंत थांबवू नकोस. त्यांच्यात सातूपेक्षा स्निग्धांश बराच जास्त, त्यामुळे खवटपणा आधी तिथेच येतो. आज संध्याकाळीच पाकीट उघडून वास घे आणि काय वाटलं ते मला फोन करून सांग.