‘वय झालंय’ म्हणण्याआधी

घरातलं म्हातारं माणूस महिना-दीड महिन्यात बदललं, तर ते वयामुळे असं धरून चालू नका. माझ्या सासऱ्यांच्या आजारपणानंतर हे मी भेटेल त्याला सांगत असते. आज लिहूनच काढते.

अण्णांनी पंचाहत्तरी ओलांडलेली. हृदयात स्टेंट असल्यामुळे रक्त पातळ करणारी गोळी रोज चालू. एका पहाटे न्हाणीघरात पाय घसरला आणि डोकं चौकटीला लागलं. टेंगूळ आलं, रक्त नाही, उलटी नाही. आंबेहळद उगाळून लावली. दोन दिवसांत ते नेहमीसारखे पारावर जाऊन बसू लागले आणि पडल्याची गोष्ट घरात कुणाच्या लक्षातही राहिली नाही.

महिन्याभराने डोकं जड वाटतं म्हणू लागले. दिवसाही झोपायचे. पेपरची घडी तशीच राहायची. एकदा देवळातून परतले ते डाव्या पायात चप्पल नसताना. ती वाटेत निसटली होती आणि त्यांना पत्ताच नव्हता. दुसऱ्या दिवशी सदऱ्याची बटणं एक घर चुकवून लावली. सांगायला गेले तर माझ्यावर चिडले. अण्णा चिडणारे नव्हेत.

येणारा-जाणारा म्हणायचा, “वयोमानाप्रमाणे चालायचंच.” एका दवाखान्यात ताकदीची इंजेक्शनं मिळाली. कुणी पायाला तेल चोळायला सांगितलं. एका नातेवाइकांना लकव्याची शंका आली आणि रक्त पातळ करायची गोळी वाढवा म्हणून ते हटूनच बसले. तसं केलं नाही हे आमचं नशीब. डोक्यात रक्त साचलेलं असताना ती गोळी वाढवणं जिवावर बेतू शकतं, आणि बाहेरून पाहता दोन्ही आजार सारखेच दिसतात. फरक सीटी स्कॅनमध्येच कळतो.

मिरजेच्या न्यूरोसर्जननी पहिलाच प्रश्न विचारला, “गेल्या दोन-तीन महिन्यांत हे कुठं पडले होते का?” तोवर हे कुणीच विचारलं नव्हतं. स्कॅन काही मिनिटांत झाला. फिल्मवर उजवीकडे चंद्रकोरीच्या आकाराचा काळसर पट्टा दिसत होता आणि मेंदू डावीकडे सरकलेला. उजव्या बाजूचा दाब, म्हणून डावा पाय लुळा.

डॉक्टरांनी नीट समजावलं. वयाबरोबर मेंदू थोडा आक्रसतो. त्यामुळे मेंदूपासून वरच्या आवरणाकडे जाणाऱ्या बारीक शिरा ताणल्या जातात आणि किरकोळ धक्क्यानेही फाटतात. रक्त हळूहळू साचतं. त्याभोवती पापुद्रा धरतो आणि त्या पापुद्र्यातल्या नाजूक रक्तवाहिन्या पुन्हा पुन्हा पाझरत राहतात. म्हणून त्रास पडल्यावर तीन आठवड्यांनी, कधी दोन-तीन महिन्यांनी दिसू लागतो. क्रॉनिक सबड्यूरल हिमॅटोमा म्हणतात तो हा. पडल्या दिवशीचा स्कॅन चांगला आला, तरी पुढे हे होऊ शकतं.

ऑपरेशन म्हटल्यावर घरात वाद झाला. “या वयात कवटी उघडायची?” पण यात सहसा कवटीचा मोठा तुकडा काढावा लागत नाही. हाडाला एक-दोन लहान भोकं पाडतात, तिथून साचलेलं रक्त काढून टाकतात आणि पाझर निघून जावा म्हणून एक-दोन दिवस बारीक नळी ठेवतात. बऱ्याचदा तेवढाच भाग बधिर करूनही हे होतं. नळीचं महत्त्व मी नंतर वाचलं. केंब्रिजच्या डॉक्टरांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नळी ठेवलेल्या रुग्णांपैकी सुमारे ९ टक्के लोकांना पुन्हा ऑपरेशन लागलं. नळी न ठेवलेल्यांत हेच प्रमाण २४ टक्के होतं. म्हणजे पुन्हा साचण्याची भीती उरतेच, आणि घरी आल्यावरही लक्ष ठेवावं लागतं. रक्त थोडंच असेल आणि त्रास नसेल, तर डॉक्टर नुसतं लक्ष ठेवून पुन्हा स्कॅन करतात. तो निर्णय त्यांचा.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी अण्णांनी डाव्या हाताने पाण्याचा पेला उचलला. सगळ्यांचं इतक्या लवकर सावरत नाही. वय, इतर आजार आणि मेंदू किती दिवस दाबला गेला, यावर पुष्कळ अवलंबून असतं. म्हणूनच उशीर नको.

रक्त पातळ करणारी गोळी आपल्या मनाने वाढवू नका आणि बंदही करू नका; स्टेंट असलेल्या माणसाची गोळी एकाएकी थांबवली, तर हृदयाला धोका होतो. कधी थांबवायची आणि कधी पुन्हा सुरू करायची, हे हृदयाच्या आणि मेंदूच्या डॉक्टरांना आपसात बोलून ठरवू द्या. खर्चाची धास्ती असेल, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मेंदूच्या शस्त्रक्रियाही येतात. रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेच्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी भेटा.

म्हातारं माणूस पडलं, डोक्याला नुसता धक्का बसला, तरी ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर लागलेलं किरकोळ दिसलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. पुढचे तीन महिने चालणं, बोलणं, झोप, स्वभाव यांवर नजर ठेवा. बदल जाणवला, तर डॉक्टरांना ती तारीख आपणहून सांगा. उलट्या, फिट, एका बाजूची ताकद जाणं, हाक मारूनही जाग न येणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका; १०८ ला फोन करा.