चहा-बिस्किटावर दिवस ढकलू नका

वस्तीत रक्ततपासणी असली की मी आधी एकच प्रश्न विचारते, "ताई, सकाळपासून काय खाल्लं?" बहुतेक वेळा उत्तर येतं, "चहा घेतला की!" पहाटे उठून पाणी भरायचं, मुलांचे आणि नवऱ्याचे डबे करायचे, धावत गाडी गाठायची. सगळ्यांचे डबे होतात, हिचा राहतो.

मीही अशीच होते. रात्रपाळीला चहा आणि खारीवर कित्येक रात्री काढल्या. जिना चढताना धाप लागायची. दमणूक असेल म्हणून सोडून दिलं. शेवटी तपासलं तर हिमोग्लोबिन आठ! दुसऱ्यांना रक्ताच्या बाटल्या लावणारी मी, माझ्याच अंगात रक्त नव्हतं.

बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली, गरोदरपणी ११ च्या खाली गेलं की रक्त कमी आहे असं समजतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त, म्हणजे ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळलं. म्हणून 'बायकांना थकवा असायचाच' असं म्हणून गप्प बसू नका.

चहा-बिस्किटाने काय होतं? बिस्किटात मैदा, साखर आणि तेल. तेवढ्यापुरती भूक मरते, तासा-दोन तासांत हातपाय गळतात. शिवाय चहातला तुरट अंश अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. म्हणून जेवणाच्या आधी एक तास आणि नंतर एक तास चहा नको.

वेळ नाही हे खरं आहे. म्हणून कमी वेळात होणारं सांगते.

१. शनिवारी रात्री मटकी भिजत घाला, रविवारी सकाळी निथळून फडक्यात बांधा. सोमवारी पहाटे मोड तयार. कांदा घालून परतली की डब्याची भाजी झाली.

२. रविवारी शेंगदाण्याची किंवा जवसाची कोरडी चटणी करून बरणीत भरा. भाकरी-चटणी आणि एक कांदा, हा डबा पाच मिनिटांत भरतो.

३. पिशवीत मूठभर फुटाणे-शेंगदाणे कायम ठेवा. बिस्किटाच्या पुड्याऐवजी हे खा.

४. रात्री दोन अंडी जास्त उकडा, सकाळी डब्यात टाका. सुकट, बोंबील, कलेजी आपल्या घरात होतंच. मांस-मासळीतलं लोह अंगाला लवकर लागतं. ते फक्त पुरुषांच्या ताटात जाऊ देऊ नका. मात्र रक्तदाब असेल तर सुकट नीट धुऊन, बेतानेच खा.

५. डाळ, उसळ, पालेभाजीवर लिंबू पिळा किंवा सोबत आवळा, पेरू खा. त्याने लोह चांगलं शोषलं जातं.

साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. औषध घेऊन जेवण टाळलं तर रक्तातली साखर एकदम खाली येऊ शकते. घाम फुटतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. अशा वेळी लगेच तीन चमचे साखर पाण्यातून घ्या, मग जेवा. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखान्यात न्या.

रक्त फारच कमी झालं असेल तर नुसत्या खाण्याने भागत नाही. सरकारी आरोग्य केंद्रात तपासणी करून लोहाच्या गोळ्या घ्या. शौचाला काळं होतं म्हणून घाबरून गोळ्या बंद करू नका, ते गोळ्यांमुळेच होतं. पाळीत अंगावरून फार जात असेल तर तेही लाजू नका, डॉक्टरांना सांगा.

उद्या पहाटे डबे भरताना पहिला डबा स्वतःचा भरा. मग बाकीचे.